विषय: "अर्ज करून उपयोग नाही" असं आर्बाइट्सआम्टमधल्या (जर्मन रोजगार कार्यालयातल्या) सल्लागार बाई म्हणतात

(सभासदांच्या विनंतीवरून नावं आणि गावं काढून हा पत्रव्यवहार सर्वांना पाठवत आहोत. – सल्ला गट)

---

नमस्कार मंडळी,

विषय गणपतीच्या वर्गणीचा नाही, तरी ईमेल लिस्टवर लिहिते आहे. जर्मनीत सध्या माझ्यासारखे अजून काही जण असणार, याची खात्री आहे.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. सहा वर्षं झाली होती. यंदा आमचा अख्खा विभाग बंद करायचं ठरलं. एचआरने सांगितलं, एक तर क्युंडिगुंगचं, म्हणजे नोकरीवरून काढल्याचं पत्र घ्या, नाहीतर आउफहेबुंग्सफेरट्रागवर (संमतीने नोकरी संपवायच्या करारावर) सही करा आणि आबफिंडुंग (भरपाईची रक्कम) घेऊन निघा. तारीख दोन्हीकडे तीच. बेट्रीब्सराटमधल्या (कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळातल्या) लोकांशी बोलून मी करार घेतला. नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार या हिशेबाने रक्कम ठरली, नोटीसचा काळही पूर्ण धरला. नोकरी संपायच्या तीन महिने आधीच काम शोधत असल्याची नोंदणी केली होती आणि पहिल्या दिवशी बेकार म्हणूनही नोंद झाली.

मग टर्मिन, म्हणजे कार्यालयातल्या भेटीची वेळ आली. सल्लागार बाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "जर्मन कुठपर्यंत?" मी म्हटलं, बी-वन झालंय, बी-टूची तयारी चालू आहे. "मग इंजिनिअरिंगमध्ये काही मिळायचं नाही." कराराचं ऐकल्यावर म्हणाल्या, "बारा आठवडे पैसे बंद. आत्ता अर्ज करून उपयोग नाही, नंतर या." फंक्शनल सेफ्टीच्या (यंत्रणेत बिघाड झाला तरी धोका होऊ नये याच्या तंत्राच्या) कोर्ससाठी बिल्डुंग्सगुटशाइन (कार्यालयाकडून कोर्सची फी भरली जाण्याचं कूपन) मिळेल का, तर "ते तुमच्यासाठी नाही." माझ्या बाबांचं साताऱ्याला ऑपरेशन आहे, त्यासाठी जाऊन येता येईल का, तर "विसरा." शेवटी प्रिंटरमधून एक कागद निघाला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकला. गोदामात पाकिटं भरायचं काम, पगार आधीच्या निम्म्याहून कमी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात भलंमोठं काहीतरी छापलेलं.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, आई, काय झालं? मला सांगता येईना. एवढी वर्षं पगारातून पैसे कापून घेतले आणि आज मी तिथे हात पसरायला गेल्यासारखी वागणूक मिळाली. सल्लागार बदलून मागता येतो का? की त्या म्हणतात तसं तीन महिने गप्प बसायचं?

---

प्रिय मुली,

आधी एकच गोष्ट कर. उद्याच्या उद्या अर्बाइट्सलोजनगेल्डचा (बेकारीच्या भत्त्याचा) अर्ज ऑनलाइन भर. बाकी सगळं त्यानंतर.

मी बरीच वर्षं बेट्रीब्सराटमध्ये होते आणि अशा टर्मिनना कितीतरी जणांबरोबर जाऊन बसले आहे. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते असं, की त्या कार्यालयात काम शोधून देणारे वेगळे आणि पैशांचा निर्णय घेणारे वेगळे. तुझ्यासमोर बसल्या होत्या त्या फेरमिटलरिन, म्हणजे काम शोधून देणाऱ्या. स्पेरत्साइट (भत्ता बंद राहण्याचा काळ) लागणार की नाही हे ठरवणारा विभाग निराळा, बहुतेक वेळा तो त्या इमारतीतही नसतो. तेव्हा "बारा आठवडे बंद" हा त्यांचा अंदाज झाला. निर्णय म्हणजे बेशाइड, आणि तो कागदावर येतो.

"अर्ज करून उपयोग नाही" हे तर कुठल्याच सरकारी टेबलावरून म्हणायला नको. एसजीबी टेन या सामाजिक कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट आहे की अर्ज निराधार वाटतो म्हणून कार्यालय तो घ्यायचं नाकारू शकत नाही. आधी घ्यायचा, मग हवं तर नामंजूर करायचा. आणि नामंजूर झाला तर कारण लिहून द्यावं लागतं.

आता तुझा करार. स्वतःहून सही केली की १२ आठवड्यांची स्पेरत्साइट लागते हा सर्वसाधारण नियम खरा आहे, आणि तो जबर आहे. नुसते ते आठवडे जात नाहीत, पैसे मिळण्याचा एकूण काळही निदान एक चतुर्थांशाने घटतो. तुझे २४ महिन्यांहून जास्त हप्ते भरलेले आहेत, म्हणजे तुझा हक्क १२ महिन्यांचा. त्यातले तीन महिने कायमचे जातील. पण सही करण्यामागे सबळ कारण असेल तर स्पेरत्साइट लागत नाही. मालकाने कामाच्या कारणावरून त्याच तारखेला काढणार असं ठामपणे सांगितलं होतं, नोटीसचा काळ पाळला आणि आबफिंडुंग दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त नाही, असं असेल तर ती नोटीस कायद्याला धरून झाली असती की नाही हेही ते तपासत बसत नाहीत. हे त्यांच्या स्वतःच्या अंतर्गत सूचनांमध्येच आहे. तू लिहिलेलं सगळं यात बसतं.

पण हे त्यांना दिसलं पाहिजे. एचआरकडून एक पत्र माग: करार झाला नसता तर अमुक तारखेला बेट्रीब्सबेडिंग्ट (कंपनीच्या कामाच्या कारणावरून) क्युंडिगुंग दिलीच असती, एवढं दोन ओळीत. कंपनी आम्टला जी आर्बाइट्सबेशाइनिगुंग (नोकरीच्या तपशिलाचा दाखला) पाठवते ती हल्ली इलेक्ट्रॉनिक जाते, तुझ्या हातात आपोआप येईलच असं नाही. तिची प्रत मागून घे आणि नोकरी संपण्याच्या कारणापुढे काय भरलंय ते वाच. मी पाहिलेल्या निम्म्या भानगडी तिथल्या एका चुकीच्या खुणेतून सुरू झालेल्या होत्या.

गोदामाचा कागद फेकू नकोस. मागे जे बारीक छापलंय ती रेख्ट्सफोल्गेनबेलेरुंग, म्हणजे काम नाकारलं तर काय होईल याची कायदेशीर सूचना. ती असेल तर कागद गंभीर आहे, आणि उत्तरच दिलं नाही तर पहिल्या खेपेला ३ आठवड्यांची स्पेरत्साइट लागू शकते. "माझं शिक्षण जास्त आहे" हे कारण चालत नाही, कायदा पदवीला संरक्षण देत नाही. पगाराला मात्र देतो. पहिल्या ३ महिन्यांत आधीच्या पगारात २० टक्क्यांहून जास्त घट, पुढच्या ३ महिन्यांत ३० टक्क्यांहून जास्त घट होत असेल तर ते काम त्सुमुटबार, म्हणजे घ्यावंच लागेल असं, धरत नाहीत. सातव्या महिन्यापासून ही मोकळीक संपते, तेव्हा बेकारीच्या भत्त्याएवढा निव्वळ पगार हाती येत असला की काम घ्यावं लागतं. तर पोर्टलवरून सभ्य भाषेत कळव की एसजीबी थ्रीच्या एकशेचाळिसाव्या कलमानुसार हा पगार मर्यादेच्या खाली आहे, कृपया लेखी खुलासा करावा. तारखेच्या आत पाठव आणि पाठवल्याची नोंद ठेव.

आणि हात पसरायला गेल्याचं मनातून काढून टाक. हा विमा आहे. एकूण २.६ टक्के हप्ता, त्यातला अर्धा तुझ्या पगारातून, अर्धा कंपनीचा. लेक आहे म्हणून तुला निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, मूल नसतं तर ६०. तो तुझा पैसा आहे.

---

नमस्कार ताई, आणि बाकी मंडळी,

ताईंची माहिती बरोबरच असणार, पण मी थोडं वेगळं सांगतो. मी गेल्या वर्षी याच फेऱ्यातून गेलो. माझ्या सल्लागारांकडे शेकडो फायली होत्या, तेही पिचलेले होते. कलमं तोंडावर मारली की माणूस बिथरतो. त्यांच्या हातात बरंच काही असतं: कोर्स, भाषेचे वर्ग, बाहेर जायची परवानगी. तेव्हा भांडण शेवटी ठेवा.

दुसरं, व्हिसाचं कोणी बोललं नाही. ज्यांच्याकडे ब्लू कार्ड किंवा नोकरीवर आधारलेला परवाना आहे त्यांनी नोकरी मुदतीआधी संपल्याचं आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) दोन आठवड्यांत स्वतः कळवायचं असतं. कंपनी कळवेल म्हणून थांबू नका. आणि हा भत्ता घेतल्याने परवाना धोक्यात येतो अशी भीती आपल्याकडे फार पसरलेली आहे. हप्ते भरून मिळणारा पैसा सरकारी मदतीत मोजत नाहीत. या भीतीपोटी एका मित्राने अर्जच केला नाही आणि बचत संपवून बसला.

---

दादा, तुमचं व्हिसाचं अगदी बरोबर, बरं झालं लिहिलंत.

भांडणाबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. मी भांडायला सांगतच नाहीये. लेखी मागणं म्हणजे भांडण असं आपल्याला वाटतं, कारण आपण साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहायला शिकून आलो आहोत. इथल्या कार्यालयाला लेखी मागणीचं काही वाटत नाही. "हे नाकारत असाल तर कृपया लेखी द्या" एवढं वाक्य जर्मनमध्ये पाठ करून जायचं. तोंडी नकाराची लेखी खातरजमा मागायचा हक्क एसजीबी टेनच्या तेहतिसाव्या कलमात आहे, फक्त ती लगेच मागावी लागते. सल्लागारांचा आवाजसुद्धा त्या वाक्यानंतर बदललेला मी पाहिला आहे. लिहून द्यायचं म्हटलं की नियम उघडून बघावा लागतो ना.

बिल्डुंग्सगुटशाइन हा हक्क नाही, तो त्यांच्या अखत्यारीतला निर्णय आहे. पण अखत्यारी असली तरी कारण द्यावं लागतं. कोर्स आणि संस्था दोन्ही आत्साव या नियमावलीनुसार प्रमाणित आहेत का ते आधी बघ, आणि दोन-तीन नोकरीच्या जाहिराती जोड जिथे फंक्शनल सेफ्टी मागितलेलं आहे. जर्मनचं म्हणशील तर बेरुफ्सश्प्राखकुर्सची (कामापुरत्या जर्मनच्या वर्गाची) परवानगी माग. त्यांनीच भाषा कमी आहे असं म्हटलंय, मग वर्ग देणं हे त्यांच्याच म्हणण्याला धरून आहे.

भारतात जाण्याचं: परवानगी न घेता पाऊल उचलू नकोस, कितीही निकड असली तरी. वर्षात ३ आठवड्यांपर्यंत पैसे चालू राहून बाहेर जाता येतं, पण आधी संमती हवी, आणि सुरुवातीच्या ३ महिन्यांत ती फक्त खास कारणासाठी देतात. वडिलांचं ऑपरेशन हे कारण नाही तर काय? रुग्णालयाचं तारखेसह पत्र इंग्रजीत मागव, जर्मन भाषांतर जोड आणि पोर्टलवरून अर्ज कर. तिकीट संमती आल्यावर काढ.

सल्लागार बदलून मिळण्याचा कायदेशीर हक्क नाही. टीमलायटरला (सल्लागारांच्या वरिष्ठांना) पत्र लिहिता येतं, त्यात काय बोलणं झालं आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं. स्वभावाबद्दल एक अक्षर नको. तक्रारीसाठी कुंडनरिआक्त्सिओन्समॅनेजमेंट हा विभाग आहे. पण तक्रार वेगळी आणि विडरश्प्रुख (निर्णयाविरुद्धची हरकत) वेगळा, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. बेशाइड आला की विडरश्प्रुखला एक महिना असतो. तक्रार केली म्हणून तो महिना थांबत नाही. साध्या ईमेलने विडरश्प्रुख होत नाही, सहीचं पत्र हवं, किंवा प्रत्यक्ष जाऊन तिथे नोंदवून घ्यायचा. पुढे सोत्सियालगेरिख्टला (सामाजिक हक्कांच्या कोर्टात) जायची वेळ आली तरी भत्ता मागणाऱ्याला कोर्टाची फी नाही. वकिलाचा सल्ला हवा आणि हातात पैसा कमी असेल तर आम्ट्सगेरिख्टमधून (स्थानिक कोर्टातून) बेराटुंग्सहिल्फेचा (कायदेशीर सल्ल्यासाठीच्या मदतीचा) दाखला काढता येतो, मग वकिलाला १५ युरो.

आणि एकटी जाऊ नकोस. सोबत एक माणूस न्यायचा तुला हक्क आहे, त्याला बायस्टांड म्हणतात, वकील असायची गरज नाही. तो बोलला नाही आणि नुसतं लिहून घेत बसला तरी पुष्कळ फरक पडतो. पुढच्या टर्मिनला मी येते.

---

मंडळी, आणि विशेष करून ताई,

कळवायला उशीर झाला. अर्ज त्याच आठवड्यात केला. आर्बाइट्सबेशाइनिगुंगची प्रत मागवली, तर कंपनीने नोकरी संपण्यापुढे "कर्मचाऱ्याच्या इच्छेने" अशा अर्थाचं भरलेलं होतं. एचआरला फोन केला, त्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवलं आणि दोन ओळींचं पत्रही दिलं. बेशाइड आला. स्पेरत्साइट नाही, पूर्ण १२ महिने मंजूर.

टर्मिनला ताई शेजारी वही उघडून बसल्या. बाईंनी सुरुवातीलाच विचारलं या कोण, ताईंनी "बायस्टांड" म्हटलं, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गोदामाचा विषय पुन्हा निघालाच नाही. बेरुफ्सश्प्राखकुर्सची परवानगी तिथल्या तिथे छापून मिळाली. साताऱ्याला जायची संमती रुग्णालयाचं पत्र दिल्यावर मिळाली, दोन आठवड्यांची. दादा, तुमचं म्हणणंही ध्यानात ठेवलं होतं, आवाज एकदाही चढवला नाही.

बिल्डुंग्सगुटशाइनला मात्र नाहीच म्हणाल्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी जरा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पाठवते लेखी. ते पत्र काल आलं. कारण दिलंय की या क्षेत्रात सध्या मागणी पुरेशी नाही. मला ते मान्य नाही. माझ्याजवळ जाहिराती आहेत, आणि मागे रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग (हरकत कशी आणि किती दिवसांत घ्यायची ही सूचना) आहे, एक महिन्याची.

विडरश्प्रुखचा मसुदा मी केला आहे, जर्मन कच्चं आहे. लिस्टवर कोणी फंक्शनल सेफ्टीत काम करत असेल तर आपल्या कंपनीत अशी माणसं किती लागतात यावर दोन परिच्छेद लिहून द्याल का? आणि मसुद्याचं जर्मन कोणी तपासेल का? साताऱ्याला निघण्याआधी मला तो सही करून टपालात टाकायचा आहे.