अनुभव धागा: लहानग्यांचा चांगुलपणा (आणि त्याच्या उलटही)

'मुलं म्हणजे देवाघरची फुलं' हे वाक्य या धाग्यावर वर्ज्य. ज्यांना तसं वाटतं त्यांनी आधी अडीच वर्षांच्या दोघांना दुपारभर सांभाळावं, मग लिहावं. इथे हवा आहे तो एखादा नेमका प्रसंग. सहा वर्षांच्या आतलं मूल असं काही वागलं, की मोठ्यांच्या वागण्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघू लागलात. वाईट प्रसंगही चालतील.

सुरुवात मी करते. भाची पावणेदोन वर्षांची. कपड्यांचा ढीग दोन्ही हातांत धरून मी बंद कपाटासमोर उभी होते. ती खेळ टाकून आली, दार ओढून उघडलं आणि परत खेळायला गेली. शाबासकीसाठी मागे वळूनही पाहिलं नाही. नंतर कळलं की वॉर्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये जवळपास हाच प्रसंग दीड वर्षाच्या मुलांसमोर घडवून आणला होता. 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. मोठ्या माणसाच्या हातून कपड्याचा चिमटा चुकून पडला तर मुलं उचलून द्यायची. मुद्दाम फेकला तर सहसा नाही. म्हणजे कुणाला खरंच अडलंय, हे त्यांना कळतं.

बालवाडीतल्या ताई

नवी मुलगी रोज दारातच भोकाड पसरायची. आम्ही मोठ्यांनी सगळे उपाय केले: बाहुली, खिडकीतले पक्षी, 'आई आत्ता येते हं'. तीन वर्षांचा एकजण तिच्या शेजारी जाऊन बसला, काही बोलला नाही, ठोकळे रचत राहिला. मधेच एक ठोकळा तिच्याकडे सरकवला. तिनं फेकला. त्यानं आणून पुन्हा तिथेच ठेवला. असं बराच वेळ चाललं, आणि शेवटी तिनं तो मनोऱ्यावर ठेवला. आम्ही सगळे तिचं रडणं थांबवायच्या मागे होतो, त्याला मात्र ती रडत असली तरी चालत होती.

आणखी एक. आमच्याकडे मदत केली की फळ्यावर चांदणी मिळायची. मग मुलं मदत करायच्या आधी माझ्याकडे बघू लागली. याच दोघा संशोधकांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला होता. मदतीबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं, ती मुलं पुढे बक्षीस नसताना इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. आम्ही मदतीच्या चांदण्या बंद केल्या.

दोन मुलांचा बाबा

जरा उलट बाजू. आमचे साडेतीन वर्षांचे चिरंजीव पाहुणी मुलं यायच्या आधी सगळी खेळणी चाटून ठेवतात. का? 'आता कुणी घेणार नाही.' गेल्या आठवड्यात धाकटीला चावले, ती रडली, तिचं बघून स्वतः तिच्याहून मोठ्यानं रडले आणि आपलं लाडकं पांघरूण तिच्या अंगावर टाकलं. आता याला क्रूर म्हणू की दयाळू?

संशोधनाबद्दलही थोडं सबुरीनं घ्या. दुसऱ्याला अडवणाऱ्या पात्रापेक्षा मदत करणारं पात्र तान्ह्यांना जास्त आवडतं, हा 2007 सालचा निष्कर्ष खूप गाजला होता. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा तपासला, तेव्हा तशी पसंती दिसली नाही. ते 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. वाटून घेण्याबद्दल 2008 चा एक अभ्यास आहे: तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपल्यापुरतं बघतात, सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांना समान वाटणी हवी असते. त्यामुळे मी चाटण्यावर फार भाषणं देत नाही. मात्र चावल्यावर त्याला रागवायच्या आत तो स्वतःच भरपाई करून मोकळा होतो, ते बघण्यासारखं असतं. मोठी माणसं 'माझा तसा हेतू नव्हता' इथूनच सुरुवात करतात.

आजोबा

मला कंपवात आहे. घरातली मोठी मंडळी पेला अर्धाच भरून देतात आणि माझ्या हाताकडे बघायचं टाळतात. चार वर्षांची नात 'आजोबांचा हात नाचतो' असं सगळ्यांदेखत सांगते, आणि मी पेला उचलला की खालून तळहात लावते. पाणी पिऊन झालं की हात काढते. सून ओशाळते. मला मात्र त्या घरात सगळ्यात मोकळं तिच्यासमोरच वाटतं.

रक्त तपासणीला घेणारा

लहान मुलगी होती, मनसोक्त रडून झालेलं. पुढच्या खुर्चीवर एक धिप्पाड गृहस्थ बसले, चेहरा पांढराफटक. ही त्यांना म्हणाली, 'तिकडे बघ. आणि रडलं तरी चालतं, हे काका काही म्हणत नाहीत.' इतकंच.

व्हीलचेअरवरून

लिफ्टमध्ये एका मुलानं विचारलं, 'तुझे पाय झोपलेत का?' आईनं त्याला मागे ओढलं, माझी चारदा माफी मागितली. मी म्हटलं, हो, तसंच समज. लगेच दुसरा प्रश्न: ब्रेक कुठे आहे? दाखवला. मग त्याला चाकाचा व्यास हवा होता, म्हणजे हातांनी 'एवढं' करून. माझ्याकडे न बघण्याला मोठी माणसं सभ्यता समजतात. दयेनं बघणाऱ्यांपेक्षा आणि न बघणाऱ्यांपेक्षाही मला हा ब्रेकवाला बरा.

दोन मुलांचा बाबा

ताई, चांदण्या बंद केल्यावर पालकांनी तक्रार नाही केली?

बालवाडीतल्या ताई

केली की! काहींना फळ्यावर नाव हवंच होतं. मग तोडगा काढला. बूट जागेवर ठेवले, पसारा आवरला, तर चांदणी अजूनही मिळते. दुसऱ्याला मदत केली, तर काय झालं तेवढंच बोलून दाखवतो: 'तू ठोकळा दिलास, तिचा मनोरा पुरा झाला.' पालकांपैकी दोघी-तिघी अजून कुरकुरतात. मुलांनी मात्र त्याची चांदणी मागितलेली नाही.