माहीत असणं वेगळं, करणं वेगळं

पुरावा पक्का असला की हॉस्पिटलं आपोआप सुधारतात असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचंच बघा, मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुवा, कातडीला क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) लावा, गरज संपली की नळी काढा, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतंच की, पण घाईत एखादी पायरी राहायचीच. मग डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि मंडळींनी चेकलिस्ट आणली, सगळं सामान एका ट्रॉलीवर ठेवलं आणि (खरी गंमत इथे आहे) पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं! १०० च्या वर आयसीयू, दर १००० नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) जंतुसंसर्गाचा मध्यक, म्हणजे मधल्या आयसीयूचा आकडा, २.७ होता तो तीन महिन्यांत ० वर, २००६ ला छापूनही आलं. नुसती यादी भिंतीला चिकटवली आणि नर्सच्या पाठीशी वरचं कोणी उभंच नसलं तर ती कशाला तोंड उघडेल?