टर्बो पेट्रोलच्या स्पार्क प्लगचा गॅप (दोन टोकांमधलं अंतर) किती ठेवू?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल, रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं). रत्नागिरीहून येताना आंबा घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की हिसके देते. कोल्हापुरात मात्र एकदम शहाणी. प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइल तपासल्या, ठीक आहेत.

उद्यमनगरातले मिस्त्री म्हणतात, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जादा हवा कोंबतो तेव्हा, दाब वाढला की ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ०.८ चा ०.७ मिमी करू. पटतंय. पण प्लग इरिडियमचे, मधलं टोक सुईएवढं. गॅप मोजायचं गेज घालताना तेच मोडलं तर? फक्त बाहेरची पट्टी वाकवायची ना?

आणि एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्यावा का? एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. यात एकदा फसलोय, म्हणून विचारतोय.