मदत हवी आहे: ग्राहक कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीच्या ट्रिब्युनलमध्ये) गेली, आमच्या ४१ लाखांचं आणि चेकच्या केसचं काय होणार?

तेजश्री_कुपवाड

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मशिनं भाऊ बघतो. हिशेब, जीएसटी आणि बँक माझ्याकडे. शिरवळ भागातल्या एका कंपनीचं काम आम्ही बरीच वर्षं करतोय. त्यांचं कास्टिंग आमच्याकडे येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून चलनावर परत पाठवतो. काही पार्ट आमच्याच मालातून बनवून देतो. गेल्या वर्षापासून पेमेंट रेंगाळत गेलं आणि आता येणं ४१ लाखांवर पोचलंय. त्यातले दोन चेक परत आलेत. मध्यंतरी त्यांच्या बँकेने दिवाळखोरी कायद्याच्या कलम ७ खाली अर्ज केला, मुंबईच्या एनसीएलटीने तो दाखल करून घेतला आणि आयआरपी (कंपनीचा कारभार तात्पुरता हातात घेणारा) नेमला. मराठी पेपरात जाहीर सूचना आली आहे, क्लेम द्यायची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

आम्हाला स्वतः एनसीएलटीत जाता आलं नाही, कारण मार्च २०२० मध्ये किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटी केली. एका पार्टीकडे एक कोटी थकेपर्यंत आमच्यासारखं शॉप उभं राहतं का, हा विचार तेव्हा कुणी केला असेल असं वाटत नाही.

मी जमेल तेवढं वाचलंय. कायद्याच्या कलमांपेक्षा सुप्रीम कोर्टाचे निकाल जास्त महत्त्वाचे आहेत, एवढं लक्षात आलं. एस्सार स्टीलच्या निकालाने तर धडकीच भरली. अपील ट्रिब्युनलने तिथे बँका आणि पुरवठादार यांना सारख्याच प्रमाणात पैसे वाटायला सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि कुणाला किती द्यायचं हा सीओसीचा, म्हणजे येणेकऱ्यांच्या समितीचा (मुख्यतः बँकांचा), व्यावसायिक निर्णय आहे असं ठरवलं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्सच्या निकालात बँक आणि पुरवठादार हा भेद घटनेला धरून आहे असं सांगितलं होतं. कारण असं दिलंय की कंपनी चालेल की नाही हे बँका सुरुवातीपासून तपासतात, कंपनी अडचणीत आली तर कर्जाची फेररचना करतात, आणि पुरवठादाराचा संबंध फक्त आपल्या बिलाशी असतो. मला हे मनापासून पटत नाही. तीस दिवसांचे साठ, साठचे एकशेवीस आम्हीही करून दिले, कंपनी चालावी म्हणूनच. त्यावर तारण मात्र आमच्याकडे काहीच नाही. शिवाय त्या बिलांवरचा जीएसटी आम्ही खिशातून भरलाय, आणि पार्टी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही.

तर क्लेम भरून काही मिळणार आहे का, की नुसताच कागद? कंपनीने रिजेक्शनच्या नावाखाली साडेतीन लाखांची डेबिट नोट काढली होती, ती आम्हाला मान्य नाही. आयआरपी ती रक्कम स्वतःच कापून टाकू शकतो का? चेकची एक केस सांगलीच्या कोर्टात चालू आहे, ती थांबणार का? प्रमोटरने बँकेला पर्सनल गॅरंटी दिली आहे म्हणे, त्यातून आम्हाला काही मागता येईल का? शेवटचं म्हणजे त्यांचं बरंच कास्टिंग आमच्या शेडमध्ये पडून आहे. भाऊ म्हणतो, पैसे येईपर्यंत एक पीस गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, तर यातलं काही तिथे चालेल का?

आमच्याकडे अकरा जण कामाला आहेत. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

---

अजिंक्यतारा

ताई, मी साताऱ्यात सीए आहे. क्लेम भराच, आणि दिलेल्या तारखेच्या आत भरा. पुरवठादारांसाठी फॉर्म बी असतो, तोच तुमचा. फी नाही, ईमेलने जातो. बिलं, लेजर, चलनं, ई-वे बिलं आणि त्या महिन्यांच्या जीएसटीआर-१ आणि ३बी चे उतारे जोडा. कंपनीकडून बॅलन्स कन्फर्मेशन आलेलं असेल तर ते सगळ्यात वर ठेवा. पुरवठ्याआधीची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यातलं उशिराचं व्याजही धरा, मात्र एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला त्या तारखेपर्यंतचंच.

न भरण्याचा धोका घनश्याम मिश्रा निकालामुळे आहे (१३ एप्रिल २०२१). कंपनी वाचवायचा प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेलं प्रत्येक येणं कायमचं संपतं. नवीन मालक आल्यावर 'जुनी बाकी राहिलीय साहेब' असं म्हणायला जागाच उरत नाही. सरकारी करांचंही तेच झालं, तिथे आपलं काय घेऊन बसलात.

मिळेल किती, यावर खोटी आशा देत नाही. पुरवठादाराला किमान लिक्विडेशन व्हॅल्यूइतकं (कंपनी मोडीत काढली तर वाट्याला येईल तेवढं) द्यावंच लागतं, किंवा प्लॅनची रक्कम कायद्याच्या कलम ५३ मधल्या देण्याच्या क्रमाने वाटली असती तर जे आलं असतं ते, यातलं जे जास्त असेल ते. पण त्या क्रमात तुमच्या वर प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण असलेल्या बँका, कर्मचारी, विनातारण कर्जं आणि सरकारी देणी आहेत. बँकांचंच पुरतं फिटत नसेल तर हे किमान शून्यावर येऊ शकतं. सीओसीत मतही नाही. सगळ्या पुरवठादारांचं मिळून एकूण देण्याच्या दहा टक्के भरलं तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीला बसता येतं, एवढंच. म्हणून कुपवाड, मिरज, शिरवळ, तासवडे इथले त्या कंपनीचे बाकीचे पुरवठादार शोधा आणि सगळ्यांना क्लेम भरायला लावा. विखुरलेल्या छोट्या रकमा कुणी मोजत नाही.

डेबिट नोटचं म्हणाल तर स्विस रिबन्समध्येच सांगितलंय की आरपीचं (आयआरपी किंवा त्याच्यानंतर येणाऱ्याचं) काम क्लेम गोळा करून तपासण्याचं आहे, निवाडा देण्याचं नाही. पूर्ण ४१ लाख दाखवा, डेबिट नोट अमान्य केल्याची तुमची मेल जोडा. तरीही कापले तर एनसीएलटीत अर्ज करता येतो. कोल्हापूरचं मनातून काढा. एनसीएलटी मुंबईला, त्यावरचं अपील दिल्लीला, पुढे थेट सुप्रीम कोर्ट.

---

प्रीतिसंगम

मी कऱ्हाडला वकिली करतो. चेकबद्दल लिहितो, कारण तिथे तुमच्या हातात खरं काही आहे.

पी. मोहनराज विरुद्ध शाह ब्रदर्स इस्पात, १ मार्च २०२१. मोरेटोरियम (कंपनीविरुद्धच्या कारवायांवरची स्थगिती) चालू असताना चेक परतीची, म्हणजे कलम १३८ ची, केस कंपनीविरुद्ध थांबते, पण सही करणाऱ्या आणि कारभार बघणाऱ्या डायरेक्टरांविरुद्ध चालू राहते. पुढे मार्च २०२३ मध्ये कोर्टाने हेही सांगितलं की प्लॅन मंजूर झाला म्हणून डायरेक्टर सुटत नाहीत. तेव्हा सांगलीच्या केसमध्ये समोरचा वकील 'आता सगळंच स्थगित' असं म्हणाला तर मान डोलावू नका. डायरेक्टरांना नावानिशी पार्टी केलंय ना, ते आधी बघा.

पण एक निकाल उलटा जातो. विष्णू मित्तल विरुद्ध शक्ती ट्रेडिंग, मार्च २०२५. तिथे चेक आधी परत आला होता, पण नोटीस गेली ती मोरेटोरियम लागल्यावर. गुन्हा चेक परत आल्यावर होत नाही, नोटीस मिळून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तेव्हा होतो. तोवर कारभार आयआरपीच्या हातात गेला होता, डायरेक्टर पैसे देणार कुठून? म्हणून केस रद्द झाली. तुमच्या दोन्ही चेकच्या नोटिशींच्या तारखा सांगा.

कास्टिंगबाबत भावाला समजवा. माल कंपनीचा आहे, आयआरपी तो मागणारच. ज्या पीसवर काम केलंय त्याच्या मजुरीपुरता तो अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे, पण सगळ्या जुन्या बाकीसाठी नाही. आपलं देणं त्यांच्याकडच्या जुन्या बाकीत परस्पर वळतं करून घेणंही चालत नाही. भारती एअरटेलच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये तेच ठरलं, तिथे तर दोन्ही बाजू मोठ्या टेलिकॉम कंपन्या होत्या. मालाची पीसवार यादी करा, कुठल्या पीसची मजुरी बाकी आहे ते लिहून आयआरपीला कळवा, आणि काहीही विकू नका.

---

मिरज_जंक्शन

बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. गॅरंटीचं स्पष्ट सांगतो. ललितकुमार जैन निकालाप्रमाणे (मे २०२१) कंपनीचा प्लॅन झाला तरी जामीनदार सुटत नाही, हे खरं. पण ती गॅरंटी बँकेच्या नावे आहे, तिचा फायदा बँकेला. तुम्हाला वेगळं लेखी हमीपत्र दिलं असेल तरच तुमचा विषय.

दुसरं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयआरपी कंपनी चालू ठेवायचा प्रयत्न करतो, त्यामुळे तुम्हाला कामासाठी फोन येईल. रागाने नाही म्हणू नका. त्याच्या लेखी ऑर्डरवर केलेलं नवीन काम हा प्रक्रियेचा खर्च ठरतो आणि तो बँकांच्याही आधी पूर्ण द्यावा लागतो. मात्र ऑर्डर लेखीच हवी, जुन्या पर्चेस मॅनेजरच्या फोनवर माल सोडायचा नाही. नवीन बिलांचं लेजरही वेगळं ठेवा.

---

तेजश्री_कुपवाड

सगळ्यांचे खूप आभार. प्रीतिसंगम सर, पहिला चेक सहा लाखांचा. त्याची नोटीस आणि पंधरा दिवस हे दोन्ही बँकेचा अर्ज दाखल व्हायच्या आधी संपलेत, आणि केसमध्ये दोन डायरेक्टरांची नावं आहेत. दुसरा पाच लाखांचा आहे. तो परत आला आधी, पण नोटीस एनसीएलटीच्या ऑर्डरनंतर गेली, केस अजून घातलेली नाही. मग त्या पाच लाखांवर पाणी सोडायचं का? आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या) एक अर्ज पडून आहे, तो चालेल का?

मिरज_जंक्शन काका, आयआरपीच्या ऑफिसमधून कालच फोन आला होता. ऑर्डर मेलवर पाठवा असं कळवते.

---

प्रीतिसंगम

ताई, पाच लाख सोडायचे नाहीत. ते फॉर्म बी मधल्या ४१ लाखांत आहेतच, चेक आणि परतीचा मेमो पुरावा म्हणून जोडा. त्यावर १३८ ची केस मात्र मी घातली नसती, शक्ती ट्रेडिंगच्या निकालावर ती टिकणं अवघड आहे. सहा लाखांची जोरात चालवा. पुढच्या तारखेला मोहनराजच्या निकालाची प्रत घेऊन जायला तुमच्या वकिलांना सांगा, आणि कंपनीपुरती स्थगिती मागितली तर विरोध करू नका, म्हणजे डायरेक्टरांविरुद्धचा भाग वेगळा होऊन पुढे सरकेल. कौन्सिलचा अर्ज मोरेटोरियम संपेपर्यंत थांबेल.

क्लेम पाठवल्यावर आयआरपीकडून पोच मागून घ्या. क्लेमची यादी निघाली की तुमच्या नावापुढे किती रक्कम मान्य केली आहे ते इथे लिहा, कमी असेल तर अर्जाचा मसुदा बघून देतो.