मदत हवी आहे: बार मित्झ्वा दहा महिन्यांवर आणि मुलगा अजून देवनागरीतून हिब्रू वाचतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता डोंबिवलीत. मुलाला पुढच्या वर्षी तेरा पूर्ण होतील, म्हणजे बार मित्झ्वा, मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याचा विधी. सेफेर तोरासमोर (तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) उभं राहून वाचायचं आहे आणि आमच्या चिरंजीवांना ‘शेमा’ ही प्रार्थना सोडून काही धड येत नाही. तोही पाठ आहे, वाचता येत नाही.

चूक आमचीच. घरातलं प्रार्थनेचं पुस्तक देवनागरी अक्षरांत छापलेल्या हिब्रूचं आहे. मीही त्यावरच वाढले. घडाघडा म्हणते, ऐकणाऱ्याला वाटावं बाई पंडित आहे. पण तोराच्या गुंडाळीत देवनागरी कुठून येणार?

मागच्या वर्षी परदेशातला एक ऑनलाइन क्लास लावला होता. सहा महिन्यांची फी आगाऊ. शिक्षक मन लावून शिकवायचे, पण चाल सगळी वेगळी आणि ‘शब्बाथ’चं (आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) ‘शब्बोस’. एका शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी दिवा लावला, काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला मुलाच्या हातात दिला आणि त्याने नव्या चालीत किद्दूश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना, सुरू केला. सासूबाई शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाल्या, “छान म्हटलंस हो. पण हे कुणाचं? आपलं नव्हे.” पोराने त्यानंतर लॅपटॉप उघडलाच नाही. उरलेली फी मागितली तर ‘नियमात बसत नाही’.

तर मला क्लास हवाय आपल्या चालीचा, आणि एकट्या मुलासाठी नकोय. मुलगी सहाची आहे. मी एक्केचाळीसची, आणि मला खरोखर वाचायला शिकायचंय (हे इथे पहिल्यांदा कबूल करतेय). सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. त्यांच्याकडे मराठी कीर्तनांची वही आहे, योसेफाचं आख्यान अर्धं तोंडपाठ. सणाला ठाण्याला टेंभी नाक्याच्या सिनेगॉगला (आमचं प्रार्थनास्थळ) जातो, पण रोजचं जाणं-येणं जमत नाही. कुठे सगळ्या वयांना एकत्र बसवून शिकवतात का? नसेल तर आपण कसं सुरू करावं?

---

नव्याचा_सण: ताई, आधी इंग्रजी वाढदिवस बाजूला ठेवा. तेरा वर्षं हिब्रू पंचांगाने मोजायची. त्यावरून त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोरातला वाचायचा भाग, कळेल. हेबकॅल या हिब्रू पंचांगाच्या वेबसाइटवर जन्मतारीख टाका, सूर्यास्तानंतरचा जन्म असेल तर तशी खूण करा, दिवस बदलतो. आणि अख्खा पाराशा वाचायचा हट्ट नको. तोरापुढे बोलावलं की निदान तीन वचनं वाचतात, तिथून सुरुवात करा. माझ्या मुलाने शेवटचा तुकडा, मफ्तीर, तेवढाच केला. कुणी नावं ठेवली नाहीत.

दुसरं, पुस्तकातल्या हिब्रूला स्वरांच्या खुणा असतात, गुंडाळीत त्या नसतात, चालीच्याही नसतात. मराठीतून काना, मात्रा, वेलांटी काढून टाका आणि वाचा, तसं. म्हणून ‘टिक्कून’ नावाचं पुस्तक मिळवा. एका रकान्यात खुणांसकट मजकूर, शेजारी गुंडाळीत दिसतो तसा. एक रकाना झाकून सराव. चालीसाठी तुमच्या हज्जानांना (प्रार्थना म्हणवणारे) विनंती करून मधल्या वारी फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शब्बाथला यंत्रं चालत नाहीत, तेव्हा अर्थातच नाही.

अश्दोदकर: इथे इस्राएलमध्ये उलटं दुखणं आहे. नातवंडं हिब्रू पाण्यासारखं वाचतात आणि मराठी कीर्तन लागलं की उठून जातात. ‘मायबोली’ हा इथला मराठी अंक घरात येतो, वाचणारे आम्ही दोघं म्हातारे. सासूबाईंची वही आधी पानापानाने फोटो काढून ठेवा, आणि त्यांना गायला लावून रेकॉर्ड करा. शब्द पुस्तकात सापडतील, चाल नाही सापडणार. शिवाय सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तोरा वाचतात. बार मित्झ्वा त्या दिवशी केलीत तर कॅमेरा चालतो, आम्हाला इथून बघता येईल. मिनयानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायचं मात्र आधीपासून बघा, कामाच्या दिवशी घाम फुटतो.

वाचक_कोथरूड: अवांतर विचारतो, राग नसावा. मी ज्यू नाही. पुण्यातलं लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग बाहेरून पाहिलंय. माझा एक बेने इस्राएल मित्र सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायचा, ते का?

धागाकर्ती: राग कसला! आमच्या जुन्या माणसांचा तोच शब्द. मुंबईत मांडवीला १७९६ सालचं शार हारहमीम सिनेगॉग आहे, ती ‘जुनी मशीद’. मशीद बंदर स्टेशनचं नावही त्यावरून पडलं असं आमच्यात सांगतात. सासूबाई अजून “मशिदीत जाऊन येते” म्हणतात आणि शेजारीण दचकते.

बिरडं_खाणारी: छोटीसाठी सांगते, मोठ्या नावांनी सुरू करू नका. माझ्या भाचीला क्लासमध्ये ‘तिशा बआव’ हा उपवासाचा दिवस शिकवला, तिला काही बोध झाला नाही. आजी म्हणाली, अगं बिरड्याचा रोजा! लगेच डोळे चमकले, वाल सोलायला तीच बसते ना. खिरीचा सण, दारफाळणीचा सण, ही नावं आजीकडून घ्या आणि शेजारी हिब्रू नाव लिहा. अक्षरांना खेळ करा. ‘शिन’ या अक्षराचा ठिपका उजवीकडे तर ‘श’, डावीकडे तर ‘स’. आम्ही कणकेची अक्षरं करून त्यावर वाटाणा ठेवायचो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. अपडेट देते. हज्जानांशी बोलले, ते मंगळवारी रेकॉर्ड करून देतो म्हणाले. हिब्रू तारीख काढली तर आमच्या हिशेबापेक्षा तीन आठवड्यांहून जास्त आधी निघाली, म्हणजे दहा महिनेही पुरते नाहीत! सासूबाईंनी वही काढली, पण अट घातलीय: “मी गाईन, पण तुम्ही सगळ्यांनी समोर बसायचं.” म्हणून रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी बसायचं ठरलंय, आधी अक्षरं, मग आख्यान, मग पोहे. आता एवढंच विचारायचंय की कल्याण-डोंबिवली पट्ट्यात कुणाकडे जादाचं टिक्कून आहे का? झेरॉक्स काढून लगेच परत करेन. आणि शिनवर वाटाणा आजच ठेवून बघितला, मुलीने खाऊन टाकला.