इथरनेट लिंक १००० एमबीपीएसवर जुळते, पण डेटा जात नाही. काही ठिकाणी ती १०० वरच अडकते

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे आय.एमएक्स६ क्वाड प्रोसेसर आणि एआर८०३५ ही फाय चिप (केबलवरचे विद्युत संकेत हाताळणारी) असलेला, आम्हीच आखलेला बोर्ड आहे. कारखान्यातील वीजमीटर आणि पीएलसी (यंत्रांचे नियंत्रक) यांच्या नोंदी गोळा करून त्या सर्व्हरकडे पाठवणे, हे त्याचे काम. कर्नल ४.१४ वर तो व्यवस्थित चालत होता. सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत राहाव्यात म्हणून आम्ही कर्नल ५.१० वर आलो आणि तेव्हापासून दोन प्रकारच्या तक्रारी समोर आल्या आहेत.

पहिली तक्रार प्रयोगशाळेतच दिसते. बोर्ड सुरू झाल्यावर कर्नलच्या नोंदींत लिंक १ जीबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी डेटा) अशी जुळल्याचे येते आणि स्विचवरचा दिवाही तेच सांगतो. पण आपोआप नेटवर्क पत्ता देणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळत नाही आणि हाताने पत्ता दिला तरी पिंगला उत्तर येत नाही. एथटूल या आज्ञेने ऑटो-निगोसिएशन (दोन्ही टोकांनी वेगाची आपोआप बोलणी करणे) बंद करून वेग १०० आणि फुल डुप्लेक्स असा सक्तीने ठरवला की पिंग सुरू होते, मात्र मोठी फाइल पाठवताना वेग फारच मंदावतो.

दुसरी तक्रार फक्त काही जागांवरची आहे. तेथे लिंक १०० वरच जुळते आणि ठरलेल्या १ जीबीपीएसवरून प्रत्यक्षात १०० एमबीपीएसवर उतरावे लागले, केबल तपासा, अशा अर्थाचा इशारा कर्नल देतो. त्याच केबलवर जुने बोर्ड कधी बंद पडले नव्हते, म्हणून केबलवर संशय घ्यावा की नव्या कर्नलवर, हे ठरत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे का?

उत्तर १

मूळ एक नाही. दोन्ही तक्रारी वेगळ्या ठेवून शोध घ्यावा, असे मी सुचवेन. लिंक उभी राहताना तीन गोष्टी घडाव्या लागतात. दोन्ही टोकांच्या फाय चिपांनी वेगावर एकमत करणे ही पहिली, त्या वेगाला केबलच्या जोड्यांवर संकेत नीट वाचता येणे ही दुसरी, आणि फाय व प्रोसेसरमधील मॅक (इथरनेटची पाकिटे पाठवणारा व घेणारा भाग) यांच्यात बोर्डावरच डेटा अचूक पोहोचणे ही तिसरी. एथटूल जो वेग दाखवते तो पहिल्या दोन टप्प्यांचा निकाल असतो. तिसऱ्या टप्प्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. तुमची पहिली तक्रार या तिसऱ्या टप्प्यातली आहे.

मॅक आणि फाय यांच्यातील आरजीएमआयआय जोडणीत गिगाबिट वेगाला घड्याळ १२५ मेगाहर्ट्‌झचे असते आणि त्याच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर चार तारांतून डेटा जातो. म्हणजे एक बिट जेमतेम ४ नॅनोसेकंद टिकतो. घड्याळाची कड त्या बिटाच्या मध्यावर पडावी यासाठी घड्याळ सुमारे २ नॅनोसेकंद मागे सरकवावे लागते. हा विलंब बोर्डावरील घड्याळाचा ट्रॅक मुद्दाम लांब ठेवून देता येतो, नाही तर मॅक किंवा फाय यांच्यापैकी एकाने तो आतून द्यावा लागतो. आय.एमएक्स६ चा मॅक तो देत नाही. १०० च्या वेगाला घड्याळ २५ मेगाहर्ट्‌झवर येते, डेटा कितीतरी अधिक काळ स्थिर राहतो आणि विलंब चुकला तरी काम भागते. सक्तीने १०० केल्यावर तुमचे पिंग सुरू होते ते यामुळे.

कर्नल बदलल्यावरच हे का दिसले, याचे उत्तर या फायच्या एटी८०३एक्स ड्रायव्हरमध्ये आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनात) 'फाय-मोड' साधा 'आरजीएमआयआय' असेल, तर जुना ड्रायव्हर विलंबाच्या सेटिंगला हातच लावत नसे. रीसेटनंतर या चिपमध्ये येणाऱ्या डेटाचा विलंब आपोआप चालू असतो, जाणाऱ्या डेटाचा विलंब बहुधा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) चालू करून ठेवतो, आणि त्या दोन्हींवर बोर्ड चालून जात असे. कर्नल ५.१ पासून ड्रायव्हर 'आरजीएमआयआय' या शब्दाचा अर्थ नियमाप्रमाणे घेतो, म्हणजे विलंब ट्रॅकमधूनच दिलेला आहे असे मानून फायमधले दोन्ही विलंब बंद करतो. या बदलाने अनेक आय.एमएक्स६ बोर्ड असेच अडले होते. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. डिव्हाइस ट्रीमधील वर्णनच अपुरे होते.

तेव्हा बोर्ड आखणाऱ्या सहकाऱ्याला विचारा, की घड्याळाचे ट्रॅक मुद्दाम लांब ठेवले आहेत का. ठेवले नसतील, तर 'फाय-मोड' बदलून 'आरजीएमआयआय-आयडी' करा, म्हणजे दोन्ही विलंब फाय देईल. त्याआधी कर्नलच्या नोंदींत फायला कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही पाहा, कारण तेथे 'जेनेरिक फाय' असे आले तर तुमच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घेतलेलाच नाही आणि डिव्हाइस ट्री बदलूनही विलंब बदलणार नाही. कोणती बाजू बिघडली आहे हे पाहायचे असेल, तर येणाऱ्या बाजूसाठी बोर्डावर एथटूलच्या सांख्यिकीतील सीआरसी त्रुटी (बिघडून पोहोचलेली पाकिटे) पाहाव्यात आणि जाणाऱ्या बाजूसाठी स्विचच्या पोर्टवरील त्याच त्रुटी.

सक्तीने १०० ठरवण्याचा उपाय कृपया जागेवर नेऊ नका. तुमच्या बाजूचे ऑटो-निगोसिएशन बंद असताना समोरचा स्विच फक्त संकेताच्या स्वरूपावरून वेग ओळखतो; डुप्लेक्स त्याला कळत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. एक टोक फुल आणि दुसरे हाफ अशा स्थितीत पिंग चालते, पण भार वाढला की उशिरा होणाऱ्या टकरी आणि सीआरसी त्रुटी वाढत जातात. तुमची मोठी फाइल मंदावण्याचे कारण मला हेच दिसते. वेग १०० वरच ठेवायची गरज पडली, तर ऑटो-निगोसिएशन चालू ठेवून एथटूलच्या 'अ‍ॅडव्हर्टाइज' पर्यायाने फक्त १०० फुल डुप्लेक्स जाहीर करावे. गिगाबिटसाठी तर ऑटो-निगोसिएशन अनिवार्यच आहे, कारण कोणत्या टोकाने घड्याळाचे नेतृत्व करायचे हे त्यातूनच ठरते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो. तेथे संशय केबलवरच घ्यावा, आणि जुने बोर्ड त्याच केबलवर चालत होते या युक्तिवादाने केबल निर्दोष ठरत नाही.

वेगाची बोलणी करणारे स्पंद १-२ आणि ३-६ या दोनच जोड्यांवरून जातात. १० आणि १०० च्या वेगालाही याच दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला मात्र ४-५ आणि ७-८ धरून चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी दोन्ही टोके १००० वर आनंदाने एकमत करतात, नंतर चार जोड्यांवर जुळवाजुळव करू पाहतात, त्यात अपयश येते आणि काही प्रयत्नांनंतर फाय स्वतःच खालच्या वेगावर उतरते. तुम्हाला दिसलेला इशारा याचाच आहे, आणि हा इशारा ४.१४ मध्ये नव्हता. जुना बोर्डही तेथे १०० वरच चालत असण्याची शक्यता मोठी आहे. मीटरच्या नोंदींना तेवढा वेग पुरत असल्याने कोणी पाहिले नसेल. ज्या फायमध्ये अशी उतरण्याची सोय नसते, तेथे लिंक सारखी लागते आणि तुटते.

कर्नल ५.८ पासून एथटूलमध्ये 'केबल-टेस्ट' हा पर्याय आला आहे आणि एआर८०३५ साठी तो चालतो. प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा मिळतो आणि जोडी खुली किंवा शॉर्ट असल्यास दोष साधारण किती मीटरवर आहे तेही कळते. या निकालात ए म्हणजे १-२, बी म्हणजे ३-६, सी म्हणजे ४-५ आणि डी म्हणजे ७-८. चाचणी चालू असताना लिंक तुटते, म्हणून ती त्याच पोर्टवरून लॉगिन करून न चालवता सिरियल कन्सोलवरून चालवावी. जागेवर पॅसिव्ह पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची साधी सोय) असेल तर तेही पाहा. त्याच्या अनेक साध्या इंजेक्टरांत ४-५ आणि ७-८ या जोड्या वीज नेण्यासाठीच वापरलेल्या असतात आणि तेथे गिगाबिटची अपेक्षा करता येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. घड्याळाचे ट्रॅक लांब ठेवलेले नाहीत असे सहकाऱ्याने सांगितले. 'आरजीएमआयआय-आयडी' केल्यावर प्रयोगशाळेतील सर्व बोर्डांवर पत्ता मिळू लागला आणि सीआरसी त्रुटींचा आकडा शून्यावर स्थिर राहिला.

जागेवरील चाचणीत ए आणि बी ठीक, तर सी आणि डी खुल्या असा निकाल आला, आणि दोषाचे अंतर मधल्या जंक्शन बॉक्सशी जुळले. बॉक्स उघडल्यावर दिसले, की एकाच केबलचे दोन भाग करून नारिंगी आणि हिरवी जोडी आमच्या बोर्डाला, तर निळी आणि तपकिरी जोडी शेजारच्या वजनकाट्याच्या संगणकाला दिली होती. आता वजनकाट्यासाठी स्वतंत्र केबल ओढत आहोत. एक शंका उरते: प्रयोगशाळेत लिंक १००० वर असूनही आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये वेग ४०० च्या आसपासच राहतो. आणखी कोठे बोलणी चुकत आहे का?

उत्तर ३

नाही, येथे बोलणी चुकलेली नाही. आय.एमएक्स६ क्वाडच्या त्रुटीपत्रकातच नोंद आहे, की आतील बसच्या मर्यादेमुळे इथरनेटचा येणारा आणि जाणारा मिळून वेग ४७० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. तुमचा आकडा त्यात बसतो.

या मर्यादेचा एक परिणाम मात्र तुमच्या कामाचा आहे. समोरून पूर्ण गिगाबिट वेगाने डेटा आला तर मॅकचा बफर भरून पाकिटे गळतात, आणि ते टाळण्यासाठी पॉज फ्रेम (समोरच्याला क्षणभर थांबायला सांगणारे संदेश) चालू असाव्या लागतात. पॉजचे एकमतही ऑटो-निगोसिएशनमध्येच होते. एथटूलच्या 'ए' पर्यायाने बोर्डावर काय ठरले आहे ते पाहा, आणि स्विचच्या त्या पोर्टवर फ्लो कंट्रोल बंद असेल तर ते चालू करून घ्या.

पुढे लिंक १००० वर असताना अधूनमधून क्षणभर तुटू लागली, तर एआर८०३५ मधील वीजबचतीची सोय, म्हणजे स्मार्ट ईईई, तपासा. या चिपच्या काही बोर्डांवर तिच्यामुळे लिंक तुटत असे, आणि नंतरच्या कर्नलमध्ये ती बंद करण्याची वेगळी नोंद डिव्हाइस ट्रीसाठी आली. ५.१० वर फायच्या नोडमध्ये 'ईईई-ब्रोकन-१०००टी' लिहिल्यास गिगाबिटसाठी ईईई जाहीरच होत नाही. लक्षण दिसत नसेल तर हा बदल आत्ता करू नका.