मदत हवी आहे: पहिली गाडी म्हणून जुनी येझदी घेऊ का? रविवारी टोकन द्यायचंय

नवी_किक (शुक्रवार, रात्री ९:१२)
येझदी रोडकिंग, जुनी टू-स्ट्रोक बाइक, बघून आलो. मालक ८५ हजार म्हणतोय, ८० ला तुटेल असं वाटतंय. दोन किकमध्ये चालू झाली. रंग ओरिजिनल आहे म्हणाला. थोडा धूर येतो. रविवारी टोकन दिलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घेऊ का? आणि शिकायला किती दिवस लागतील? कृपया लवकर सांगा.

पॉइंटगॅप (९:२०)
कुठल्या सालची? पासिंग कुठलं? आरसी पुस्तकावर मुदत कधीपर्यंत आहे? लायसन्स आहे का? आधी गिअरची गाडी चालवलीय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग घे की नको कोण सांगणार. धूर निळा की पांढरा, आणि गाडी तापल्यावर थांबतो का? दोन किकमध्ये चालू झाली तेव्हा इंजिन आधीच गरम होतं का, हाताला बघितलं का?

बुलेट_उचगाव (९:३१)
भावा, जुनीच घ्यायची तर थोडे पैसे अजून घाल आणि कास्ट आयर्न बुलेट बघ. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं झंझट नाही, कमी आरपीएमला ओढते. पार्ट गल्लीबोळात मिळतात.

टूस्ट्रोक_करवीर (९:४४)
शिकणाऱ्याला जुनी बुलेट सांगू नका राव. त्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे खाली. त्यावर पाय बसला की दुसऱ्या गाडीवर अचानक थांबायच्या वेळी ब्रेक समजून गिअर दाबला जातो. शिवाय अँपिअर मीटरचा काटा बघून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढं आणून मगच किक मारावी लागते. चुकलं की किक उलटी येते आणि नडगीवर बसते. येझदीची किक त्यामानानं हलकी.

बुलेट_उचगाव (९:५२)
डाव्या गिअरच्या बुलेटही मिळतात की. २००० नंतरच्या बघायच्या.

टूस्ट्रोक_करवीर (९:५५)
मग ती जुनी गाडी कुठं राहिली. त्याला जुनी हवीय.

नवी_किक (१०:२०)
८६ ची आहे. मी कोल्हापूरचा, गाडी निपाणीत आहे, कर्नाटक पासिंग, जुना तीन अक्षरी नंबर. लर्निंग लायसन्स परवाच निघालं. स्कूटर चालवतो, गिअरची कधी नाही. धूर पांढरा, बराच. इंजिन गरम होतं का ते बघितलं नाही. मालक म्हणाला विंटेज म्हणून पास होईल, मग पीयूसी वगैरेची कटकट नाही. खरं का?

कागद_आधी (१०:४८)
नाही. विंटेजचा नियम २०२१ चा आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, मोठे बदल न केलेली गाडीच त्यात बसते. ८६ ची गाडी २०३६ पर्यंत बसणारच नाही. आणि समजा बसली असती तरी तुमच्या उपयोगाची नव्हती. व्हीए सिरीजची पाटी मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ऑफिसला जायला ती नोंदणी नाही.

तुमची गाडी साध्या नियमानंच चालणार. पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे ८६, २००१, २००६, २०११, २०१६, २०२१, २०२६. पुस्तकावर शेवटचा शिक्का कुठल्या सालाचा आहे ते बघा. मधला टप्पा चुकला असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक वाढत जातो. नूतनीकरणाला फॉर्म २५, गाडी आरटीओत दाखवावी लागते, विमा आणि पीयूसी चालू लागते.

त्यात ही कर्नाटकची. तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, मग कोल्हापुरात फॉर्म २७ वर नवा एमएच-०९ नंबर, इथला रोड टॅक्स, पर्यावरण कर, आणि नाव लावायला फॉर्म २९ व ३०. नवी पाटी एचएसआरपीच (सरकारी सुरक्षा पाटी) लागणार. तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्या सरकारच्या वाहन पोर्टलवर चढलेल्याच नाहीत. तसं असेल तर आधी तिथल्या आरटीओत जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय एनओसी निघत नाही. म्हणून आज रात्रीच पोर्टलवर नंबर टाकून बघा. इथं नंबर टाकू नका.

आणि एक. विकतोय त्याच्याच नावावर आहे ना?

नवी_किक (११:०५)
पोर्टलवर नंबर सापडत नाही. नाव त्याच्या वडिलांचं आहे. ते वारलेत, मुलगा विकतोय. त्यानं काय होतं?

कागद_आधी (११:१४)
मुलाला विकायचा अधिकार अजून कागदावर आलेला नाही. मालक वारला की आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर गाडी चढते. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकी वारसांची ना-हरकत. ते झाल्यावरच मुलाची २९-३० वरची सही चालते. वारलेल्या माणसाची आधीच घेऊन ठेवलेली कोरी सही कुणी दाखवली तर हात लावू नका. कागद पुरे होईपर्यंत टोकन द्यायचं नाही.

शिंगोशी_कट्टा (११:२२)
नवी येझदी घे की. ३३४ सीसी, लिक्विड कूल्ड, फोर-स्ट्रोक. कागदाचा त्रास नाही.

पॉइंटगॅप (११:३०)
विचारलंय जुन्या गाडीबद्दल. धुराकडं येऊ.

पांढरा, बराच धूर म्हणजे बहुतेक क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) प्रायमरी, म्हणजे क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. जावा-येझदीत (जावा हे येझदीचं आधीचं नाव) गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेन एकाच तेलात चालतात. सील कडक झालं की क्रँककेस ते गिअर ऑइल ओढून घेतो आणि जाळतो. खात्री अशी करा. गाडी १० मिनिटं चालवा. थंडीतला किंवा सायलेन्सरमध्ये साठलेल्या तेलाचा धूर तोपर्यंत विरतो. सीलचा विरत नाही. मालकाला विचारा गिअर ऑइल कधी कधी भरावं लागतं. खाली कुठं गळत नाही आणि तरी तेल कमी होतंय, तर ते सायलेन्सरमधूनच जातंय.

दुसऱ्या बाजूचं, डायनॅमोकडचं सील गेलं तर उलटं. तिथून हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप वर चढतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन लवकर खाली येत नाही. हा प्रकार धोक्याचा, कारण त्यातून पिस्टन जाम होतो.

सील स्वस्त असतं. पण ते बदलायला क्लचची बाजू उघडावी लागते, आणि उघडलं की बिगएंडही (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) बघावाच लागतो. फ्लायव्हील हातानं पुढं-मागं हलवा, पिस्टन हलायच्या आधी खटका लागला तर कनेक्टिंग रॉड किट आलं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिमी. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यानं येतात. आधी किती वेळा बोअर मारलाय ते विचारा. शेवटच्या साइझला पोचलेला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरला आतून नवा लायनर.

उद्यमनगर_लेथ (शनिवार, सकाळी ७:४०)
बोअर, होनिंग, क्रँक उघडून बसवणं, सगळं शिवाजी उद्यमनगरात होतं. फक्त पिस्टन आधी हातात द्या. पिस्टन मोजूनच बोअर काढायचा असतो. "५० चा (०.५० ओव्हरसाइझचा) काढून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" असं करू नका. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरमधल्या भोकांच्या) कडा मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते.

हेडलाइट_बारा (८:०५)
६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्ट करून घ्या. रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरी, सगळे बल्ब आणि हॉर्न बदलायचे. हॅलोजन छान लागतो.

पॉइंटगॅप (८:१२)
त्यानं हेडलाइटबद्दल विचारलेलं नाही. आणि मूळ वायरिंग जळकं असेल तर १२ व्होल्ट करून काही होत नाही. आधी वायरिंग, मग पॉइंटचा गॅप (ठिणगीच्या कॉन्टॅक्टमधली फट) ०.४ मिमी, मग बाकी.

ज्योतिबाचा_घाट (८:३०)
शिकण्याबद्दल कुणी बोललंच नाही. पहिले २-३ आठवडे कुणाची तरी १०० सीसीची फोर-स्ट्रोक मागून घ्या. लायसन्सच्या टेस्टलाही तीच न्या, कारण या येझदीचे कागद चालू नाहीत आणि अशी गाडी टेस्टला चालत नाही. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी टेस्ट देता येते, ६ महिने मुदत असते. घाई नाही.

पहाटे शेंडा पार्कला जा. पहिल्या दिवशी थ्रॉटलला हात लावायचा नाही. पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत गाडी नुसती सरकू द्यायची, दोन्ही पाय जमिनीला. २०-२५ वेळा. क्लच कुठं पकडतो ते बोटांना कळलं की इंजिन बंद पडणं थांबतं. मग ३० च्या वेगावरून थांबणं, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा दाबत न्यायचा, झटक्यानं नाही. मग इंग्रजी आठचा आकडा. स्कूटरवाल्यांची एक सवय मोडावी लागते: डाव्या हातात आता ब्रेक नाही, क्लच आहे. घाबरल्यावर डावी मूठ आवळली की गाडी थांबत नाही, मोकळी सुटते.

टूस्ट्रोक_करवीर (८:४७)
येझदीवरच शिकू द्या की. सेमी-ऑटोमॅटिक क्लच आहे. गिअरची लिव्हर दाबली की क्लच आपोआप दाबला जातो. चुका माफ करणारी गाडी आहे.

ज्योतिबाचा_घाट (८:५८)
चालत्या गाडीत गिअर बदलताना माफ करते. जागेवरून निघताना हातातला क्लच लागतोच. आणि त्याच सोयीमुळं नवखा गिअर टाकल्यावर पाय लिव्हरवरच ठेवतो. मग क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घासतात, चढाला इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी हलत नाही. गिअर टाकला की पाय उचलायचा, ही सवय आधी दुसऱ्या गाडीवर लागू दे. किकही त्याच लिव्हरला आहे. आत दाबून वर फिरवायची, किक झाली की परत गिअरच्या जागेवर. आणि आधी न्यूट्रल तपासा.

दुसरं, घाट. पन्हाळा किंवा ज्योतिबा उतरताना टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं. सगळं काम ड्रम ब्रेकवर पडतं. आणि थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतरलात तर पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही बंद होतं आणि इंजिन वेगानं कोरडं फिरतं. दर थोड्या वेळानं क्लच दाबून थ्रॉटल जरा द्यायचा.

तांबडापांढरा (९:१०)
जावा नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांवरून आलंय, १९२९ ची चेक कंपनी. म्हैसूरला १९६१ पासून गाड्या निघायला लागल्या, ७३ पासून येझदी नाव, ९६ ला कारखाना बंद.

नवी_किक (९:१५)
धन्यवाद, पण पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? उद्या बघायला जाताना काय काय बघू तेवढं थोडक्यात सांगा.

टूस्ट्रोक_करवीर (९:२६)
लिटरला ४० मिली, म्हणजे १:२५. ५ लिटरला २०० मिली. चांगलं टू-टी ऑइल. कॅनमध्ये मिसळून, हलवून मग टाकीत. नुसतं टाकीत ओतलं तर ऑइल तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच पेट्रोलच्या कॉकमधून खाली येतं.

पॉइंटगॅप (९:३३)
आताच्या ऑइलला ३० मिली पुरतं. ४० नं प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

टूस्ट्रोक_करवीर (९:३८)
ज्या इंजिनाचं सील संशयित आहे त्याला ३० सांगू नका. काजळी कॉस्टिक सोड्यानं निघते, जाम झालेला पिस्टन निघत नाही.

पॉइंटगॅप (९:४१)
सील बदलेपर्यंत ४०, मान्य.

आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि कॉकची वॉशर फुगवतं, टाकी आतून गंजवतं. मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे ठेवू नका. गाडी लावताना कॉक बंद. नाहीतर कार्ब्युरेटरची नीडल गळत असेल तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं. तसं झालंच तर कॉक बंद, प्लग काढून पुसा, थ्रॉटल पूर्ण उघडा, १०-१२ किक मारून पेट्रोल बाहेर काढा, मग प्लग बसवा.

उद्या: जायच्या आधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, पोचल्यावर इंजिनाला हात लावून गार असल्याची खात्री करा. टाकीचं झाकण उघडून टॉर्चनं गंज बघा. मागचा ब्रेक पूर्ण दाबल्यावर ब्रेक आर्म आणि रॉडमधला कोन काटकोनाच्या पुढं गेला तर शू संपलेत. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडकलं तर कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या गेल्यात. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, पावसात घसरतो.

कागद_आधी (९:५०)
आणि चासी नंबर, इंजिन नंबर पुस्तकाशी जुळवा. बाकी सगळं दुरुस्त होतं.

नवी_किक (रविवार, दुपारी १:३०)
जाऊन आलो. टोकन दिलं नाही. गार इंजिन, सहा किक लागल्या. १५ मिनिटांनीही धूर तसाच, गिअर ऑइल महिन्याला भरतो म्हणाला. टायर १४१३. पुस्तकावर शेवटचा शिक्का २०१६ पर्यंतचा. चासी नंबर जुळला. इंजिन नंबरमध्ये एक आकडा वेगळा दिसतोय, पुस्तकात ३, गाडीवर ८. तो ६५ ला द्यायला तयार झाला, पण कागद तुम्ही करून घ्या म्हणतो.

कागद_आधी (१:४२)
६५ लाही नको, या अटीवर नको. फॉर्म ३१, जुनी नोंद पोर्टलवर चढवणं, नूतनीकरण आणि एनओसी, चारही कामं तिथल्या आरटीओत त्याच्याच नावानं होतात. तुम्ही करूच शकत नाही. त्यानं करून द्यावी, एनओसी हातात आल्यावर पैसे. इंजिन खरोखर बदललेलं असेल तर त्या इंजिनाचे कागद लागतील आणि बदल पुस्तकावर चढवावा लागेल.

उद्यमनगर_लेथ (१:५५)
आधी आकडा नीट वाचा. तिथं ग्रीस आणि रंगाचे थर असतात. रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या, पॉलिश पेपर अजिबात लावू नका, घासलेला नंबर आरटीओत संशयास्पद धरतात. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या. मोबाईलच्या फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसतात, ठशात कळतं.

नवी_किक (२:०३)
फोटोच काढला होता. बुधवारी कागद आणि पेन्सिल घेऊन परत जातो.